घशांतील खडे आणि त्यांवरील उपचार

भूम तालुक्यांतील ईट हें बालाघाटाच्या पठारावरील एक मोठें गांव आहे. धाराशिव जिल्ह्याचा हा पश्चिमेकडील भाग बेभरंवशाच्या पावसावर ज्वारी पिकवितो व दुधाच्या जोडधंद्यावर तग धरतो. तालुक्यांतील खव्याच्या भट्ट्या व कुंथलगिरीचा पेढा यांची कीर्ति दूरवर पोंचलेली आहे. अशा कष्टाळू मुलखांत आजार म्हणजे अंगांत भरलेला ताप, मोडलेलें हाड, सर्पदंश अथवा अडलेलें बाळंतपण, अशीच समजूत असते. जो विकार मनुष्यास अंथरुणावर पाडीत नाहीं, त्याची गणना कोणी आजारांत करीत नाहीं. घशांतील खड्यांचा विकार हा अशांपैकींच एक होय. सकाळीं चूळ भरतांना किंवा खाकरतांना तांदळाच्या कणीएवढा, पिवळट पांढरा असा एक कण एकाएकीं जिभेवर येतो. थुंकून पाहिलें तर तो अन्नाचा कण दिसत नाहीं, आणि बोटांत चुरडला तर त्यास अशी कांहीं दुर्गंधि येते कीं, हात दोनदां धुतला तरी ती जात नाहीं. पाहणारा घाबरतो. एकास वाटतें, हा क्षयाचा आरंभ. दुसऱ्याच्या कमरेला तंबाखूची चंची असते, त्यास वाटतें, हा कर्करोगच. तिसरा कांहींच मनास लावून न घेतां पुन्हां कामास लागतो. परंतु एका बाबतींत तिघांचेंही एकमत असतें, तें असें कीं ही गोष्ट कोणापाशीं बोलावयाची नाहीं.

हा संकोच खुद्द खड्यापेक्षां अधिक त्रासदायक आहे. ज्याच्या तोंडास घाण येते त्याची त्यास ती बहुधा कळत नाहीं, कारण नाक सततच्या वासास सरावतें. आणि ज्यांस कळते ते भिडेमुळें बोलत नाहींत. शाळेंत मुलें अशा सोबत्याच्या शेजारीं बसण्याचें टाळतात व गुरुजींस वाटतें कीं मुलांचें भांडण झालें असावें. घरांत नवी सून तोंडावर पदर धरून बोलते व तें तिच्या विनयाचें लक्षण समजलें जातें. वर्षेंच्या वर्षें अशीं जातात. वास्तविक ज्या गोष्टीची एवढी लाज वाटते ती बहुतेक प्रसंगीं निरुपद्रवी असून, तिच्यावरील पहिला उपचार कोणत्याही स्वयंपाकघरांत मिठाच्या बरणीपाशींच सांपडतो. उलट, ज्या थोड्या प्रसंगीं घशांतील पांढरा डाग खरोखर घातक असतो, तेथें हीच लाज मनुष्याचा जीव घेऊं शकते. म्हणून हा विषय जरा विस्तारानें समजून घेणें अवश्य आहे.

आरशासमोर उजेडाकडे तोंड करून जबडा उघडला व लांब ‘आ’ केला, म्हणजे मागें मध्यभागीं लोंबतांना दिसते ती पडजीभ. खेड्यापाड्यांत घशाचें कोणतेंही दुखणें पडजिभेच्या माथीं मारण्याची चाल आहे. परंतु प्रस्तुत विकाराशीं त्या बिचारीचा कांहीं संबंध नाहीं. पडजिभेच्या उजव्या व डाव्या बाजूस, दोन पडद्यांच्या कमानींमध्यें, एकेक गांठ बसविलेली असते. तिलाच टॉन्सिल अथवा गिलायु म्हणतात. ह्या दोन गांठी, जिभेच्या मुळाशीं असलेला तशाच पेशींचा थर आणि नाकाच्या मागील बाजूची गांठ मिळून घशाच्या दाराशीं एक कडें तयार होतें. १८८४ सालीं वाल्डायर नांवाच्या जर्मन शारीरज्ञानें त्याचें वर्णन केलें, म्हणून तें त्याच्या नांवानें ओळखलें जातें. गांवाच्या वेशीवर जशी चौकी, तशी ही शरीराच्या वेशीवरील चौकी होय. श्वासाबरोबर व अन्नाबरोबर जे जंतु आंत येऊं पाहतात त्यांची ओळख रक्तांतील पांढऱ्या पेशींना येथें पटते. बालपणीं हें काम जोरांत चालतें, म्हणून लहान मुलांच्या ह्या गांठी मोठ्या दिसतात. वयांत आल्यावर त्या हळूहळू लहान होतात. मुलाच्या घशांत मोठ्या गांठी दिसल्या एवढ्यावरून तो रोगी ठरत नाहीं, हें आईबापांनीं ध्यानांत ठेवावें.

गिलायूचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर दहापासून तीसपर्यंत लहान लहान तोंडें असून, त्यांपासून आंत वांकड्यातिकड्या बिळांसारख्या खांचा गेलेल्या असतात. जंतूंची गांठ अधिकाधिक पेशींशीं पडावी ह्यासाठींच ही योजना आहे. परंतु ज्या घराला कोनाडे फार, त्या घराची झाडलोट अवघड, हा न्याय येथेंही लागू पडतो. ह्या खांचांत झडलेल्या कातडीच्या पेशी, अन्नाचे सूक्ष्म कण, लाळ व जंतु सांचतात. गिळतांना घशाचे स्नायु आवळले जातात व हा मळ बहुधा आपोआप बाहेर लोटला जाऊन पोटांत जातो. मनुष्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं. परंतु वारंवार घसा आल्यामुळें खांच रुंद झाली असेल, अथवा तिचें तोंड अरुंद होऊन आंत पिशवी बनली असेल, तर मळ तेथेंच राहतो. मग लाळेंतील चुन्याचे क्षार त्यावर बसूं लागतात. दांतांवर जें कीट चढतें तें ज्या रीतीनें चढतें, त्याच रीतीनें हा खडा बनतो. त्यांत मुख्यतः कॅल्शियमचे फॉस्फेट व कार्बोनेट आणि थोडेंसें मॅग्नेशियम सांपडतें. कांहीं खडे मऊ, पनीरासारखे असतात, तर कांहीं वाळूच्या खड्यासारखे कठीण.

२००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें ह्या खड्याविषयींच्या कल्पनेंत महत्त्वाची भर घातली. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां, खडा हा केवळ निर्जीव क्षारांचा गोळा नसून थरावर थर रचून राहिलेली जंतूंची जिवंत वसाहत असल्याचें दिसून आलें. बाहेरच्या थरांतील जंतु प्राणवायु वापरतात, आणि आंतल्या थरांत त्याचा शिरकाव नसल्यामुळें प्राणवायूवांचून जगणारे जंतु तेथें वाढतात. साखर दिली असतां ही वसाहत दांतांवरील थराप्रमाणेंच आम्ल तयार करते, हेंही त्या संशोधनांत आढळलें. दुर्गंधीचें मूळ ह्या आंतल्या जंतूंतच आहे. ते प्रथिनें कुजवून गंधकयुक्त वायु सोडतात. त्यांपैकीं एक तर नासलेल्या अंड्यास ज्यामुळें घाण येते तोच हायड्रोजन सल्फाइड होय. कण मोहरीएवढा आणि घाण घरभर, ह्या कोड्याचें उत्तर हेंच आहे.

बहुतेक खडे कांहीं मिलिमीटरांचे असतात व त्यांपासून त्रास असा होत नाहीं. दुसऱ्याच कारणासाठीं घशाचें सी. टी. स्कॅन काढावें आणि त्यांत ज्याची कधीं कल्पनाही नव्हती असे खडे दिसावे, असें पुष्कळदां घडतें. त्रास झालाच तर घशाच्या एका बाजूस कांहीं तरी अडकल्यासारखें वाटतें, मधून मधून ठसका लागतो, तोंडास बेचव येते. कधीं कधीं कान दुखतो. कान तपासावा तर त्यांत कांहीं नाहीं! घशाची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूची एक शाखा कानांतही जात असल्यामुळें मेंदूची अशी फसगत होते. अगदीं क्वचित् खडा वाढत जाऊन सुपारीएवढा किंवा त्याहूनही मोठा होतो. वैद्यकीय वाङ्मयांत ४२ ग्रॅम, म्हणजे साडेतीन तोळ्यांहून अधिक वजनाच्या खड्याची नोंद आहे. पण अशा नवलाच्या गोष्टी पुस्तकांत येतात त्या त्या दुर्मिळ असतात म्हणूनच.

लोकांत ह्या खड्यांच्या कारणांविषयीं निरनिराळे तर्क चालतात. बोअरचें पाणी जड, त्यांत क्षार फार, म्हणून घशांत खडे होतात, असा एक तर्क आहे. तो खरा धरण्यास आधार नाहीं. खड्यांतील चुना लाळेंतून येतो, आणि लाळेंत तो प्रत्येकाच्याच असतो. मूतखडा व घशांतील खडा यांचें नातें केवळ नांवापुरतें आहे. एक असल्यास दुसरा होतो असें नाहीं, आणि मूतखड्यावरील औषधें येथें निरुपयोगी आहेत. दूध व खवा यांवर ठेवलेला दोषही तसाच. भूमच्या मुलखांत खवा वर्ज्य करावयास सांगणें म्हणजे कोंकणांत नारळ वर्ज्य करावयास सांगण्यासारखें आहे, आणि तसें करण्याचें कारणही नाहीं. गोड खाल्ल्यावर चूळ भरली म्हणजे झालें. तंबाखूची गोष्ट मात्र वेगळी. विडी, गुटखा आणि आमच्या खेड्यांतील बायका दांत घांसण्यासाठीं वापरतात ती भाजलेल्या तंबाखूची मिसरी, यांनीं हिरड्या बिघडतात, तोंडाची घाण वाढते आणि कर्करोगाचा धोका निर्माण होतो. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यास बंदी झाली. परंतु मिसरी घरोघरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कोण बंदी करणार?

घशाच्या गांठींची ओळख आपल्या देशांत नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत कंठरोगांचें वर्णन करतांना गिलायु नांवाचा एक विकार सांगितला आहे. आंवळ्याच्या बीएवढी, स्थिर, फारशी न दुखणारी अशी गांठ घशांत होते, घांस अडकल्यासारखा वाटतो, आणि ती शस्त्रानें बरी होते, असें सुश्रुताचें म्हणणें आहे. आज मराठींत गिलायु हा शब्द रोगाऐवजीं प्रत्येकाच्या घशांत असणाऱ्या निरोगी गांठीस लावला जातो, हा शब्दांच्या प्रवासांतील एक चमत्कारच म्हणावयाचा. गुळण्यांचाही विचार आयुर्वेदानें बारकाईनें केला आहे. द्रव तोंडांत इतका भरावा कीं हलवितां येऊं नये, तो गंडूष; आणि हलवितां येईल इतकाच घ्यावा, तो कवल. दांत घांसण्याबरोबर जीभ खरवडून स्वच्छ करण्याचा नियमही चरकसंहितेंत आहे. तांब्याची किंवा स्टीलची जिभली घरोघर होती ती ह्या परंपरेनेंच. तिकडे रोमन लोकांत, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, सेल्सस ह्या ग्रंथकारानें सुजून कठीण झालेली गांठ बोटानें सोडवून काढावी, तसें न साधल्यास आंकड्यानें धरून शस्त्रानें कापावी, व जखम शिरक्यानें धुवावी, असें लिहून ठेविलें आहे. भूल देण्याची विद्या तेव्हां नव्हती, हें आठवलें म्हणजे त्या रोग्यांची कींव येते.

भूल आली, शस्त्रें सुधारलीं, आणि मग उलटाच प्रकार झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत युरोप-अमेरिकेंत मुलांच्या गिलायु काढून टाकण्याची जणूं लाट आली. सांधेदुखी झाली, काढा गांठी. मूल खुरटलें, काढा गांठी. ही लाट किती विवेकशून्य होती हें १९३४ सालीं न्यूयॉर्क शहरांतील एका पाहणीनें दाखवून दिलें. तीं आंकडेमोड शाळेंतील उदाहरणासारखी सोपी आहे व ती सावकाश करून पाहण्यासारखी आहे. अकरा वर्षांचीं १००० मुलें घेतलीं. त्यांपैकीं ६११ मुलांच्या गांठी आधींच काढून झालेल्या होत्या. राहिलेलीं ३८९ मुलें डॉक्टरांनीं तपासलीं आणि १७४ जणांच्या गांठी काढाव्या असें सांगितलें. म्हणजे २१५ मुलें निरोगी ठरलीं. तीं निरोगी ठरलेलीं २१५ मुलेंच दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठविलीं. त्यांनीं आणखी ९९ मुलांस शस्त्रक्रिया सुचविली. उरलीं ११६. तीं तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलीं. त्यांनीं ५१ निवडलीं. शेवटीं हजारांतून ६५ मुलें सुटलीं. प्रत्येक वेळीं समोर आलेल्या मुलांपैकीं शेंकडा ४४ ते ४६ मुलें डॉक्टरांस रोगी वाटत होतीं, मग तीं मुलें पूर्वीं निरोगी ठरलेलीं कां असेनात! मूल पाहून निर्णय होत नव्हता, निर्णयाची संवय अगोदरच जडलेली होती. पुढें १९३८ सालीं ग्लोव्हर ह्या इंग्रज डॉक्टरानें इंग्लंडांतील शाळकरी मुलांचे आंकडे मांडून, एका भागांत ही शस्त्रक्रिया दुसऱ्या भागाच्या कित्येक पट होते व ह्या फरकास मुलांच्या प्रकृतींत कांहीं कारण सांपडत नाहीं, हें दाखविलें.

मराठवाड्यांतील मुलें ह्या लाटेपासून वांचलीं, पण तें शहाणपणानें नव्हे, दूरपणानें. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. मोठी शस्त्रक्रिया म्हटली कीं लोकांच्या तोंडीं नांव येई तें मिरजेचें, जेथें विल्यम वॉनलेस ह्या मिशनरी डॉक्टरानें १८९४ सालीं रुग्णालय उघडलें होतें. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळांची गाडी १९२७ सालीं पंढरपुराहून मिरजेपर्यंत गेली, तेव्हां बार्शी गांठूं शकणाऱ्या रोग्यास तेथवर जाण्याची सोय झाली. आतां ते रूळ रुंद झाले आहेत आणि एवढें दूर जाण्याची गरजही उरलेली नाहीं. ईट येथें प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, भूमला ग्रामीण रुग्णालय आहे, धाराशिव व अंबाजोगाई येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. २०१३ सालीं पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें शाळांत येऊन मुलें तपासतात. शिक्षकांनीं त्या दिवशीं मागच्या बांकावर एकट्या बसणाऱ्या मुलाचा घसा आवर्जून पाहावयास सांगावें.

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग. घशांत दिसणारा प्रत्येक पांढरा डाग खडा नव्हे. खड्याची खूण अशी कीं, तो ठिपक्यासारखा व स्वतंत्र असतो, त्याच्या भोंवतालची गांठ फारशी लाल नसते, ताप नसतो, आणि मनुष्य जेवूंखाऊं शकतो. ताप, गिळतांना कळ, लालभडक सुजलेल्या गांठी व त्यांवर पुवाचे ठिपके असतील तर तो गिलायुदाह होय. तो पुष्कळदां विषाणूंमुळें होतो व आपोआप ओसरतो. परंतु स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंमुळें झालेला व नीट उपचार न झालेला दाह मुलांत पुढें संधिज्वर आणून हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवूं शकतो. तेव्हां मुलाचा घसा तापासह दुखत असेल तर डॉक्टरांस दाखवावें, आणि त्यांनीं जंतुनाशक औषध दिल्यास, दोन दिवसांत बरें वाटलें म्हणून तें मध्येंच सोडूं नये.

करडा पांढरा, चिकटलेल्या कातड्यासारखा पापुद्रा गांठींवरून पडजिभेकडे पसरत असेल, तो पुसूं जातां खालून रक्त येत असेल, मूल मलूल पडलें असेल व मान सुजली असेल, तर तो घटसर्प समजावा. तेथें गुळण्या करीत बसण्यास तासाचीही सवड नाहीं. थेट मोठ्या रुग्णालयांत नेलें पाहिजे. घटसर्पाची लस भारताच्या लसीकरण कार्यक्रमांत १९७८ पासून आहे. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचे डोस बहुतेक घरीं चुकत नाहींत, परंतु दीड-दोन वर्षांचा, पांच-सहा वर्षांचा आणि पुढें दहा व सोळा वर्षांचा डोस मात्र ऊसतोडीच्या अथवा स्थलांतराच्या धांदलींत राहून जातो. तिसरी गोष्ट, गांठीच्या मागें पू सांचणें. ह्यांत एका बाजूस भयंकर ठणका लागतो, जबडा उघडत नाहीं, लाळही गिळवत नाहीं व आवाज तोंडांत गरम घांस असल्यासारखा निघतो. तो पू डॉक्टरांनींच काढावा लागतो.

आणि चौथी, कर्करोगाची. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, एकाच बाजूची वाढत जाणारी गांठ, थुंकींत रक्त, मानेंत न दुखणारा गोळा, गिळतांना वाढत जाणारी अडचण, यांपैकीं एकही लक्षण असल्यास, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यानें किंवा मिसरी लावणारीनें, तो खडाच असेल अशा समजुतीवर राहूं नये. बार्शी येथें नर्गिस दत्त यांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय आहे. भूम-परंड्याच्या लोकांस तें परकें नाहीं. ज्या मनुष्यास खड्यामुळें कर्करोगाची भीति वाटते, तो बहुधा डॉक्टरांकडून हंसत परत येतो. ज्यास खरोखर कर्करोग आहे तो मात्र लाजेनें घरीं राहतो, हा अनुभव तपासणाऱ्यांस नवा नाहीं.

खडाच आहे असें ठरल्यावर उपचार सोपा आहे. त्रास नसेल तर कांहींच करूं नये. शरीर तो आपण होऊन बाहेर टाकतें. घाण येत असेल तर प्रथम हें पाहावें कीं ती खरोखर खड्याचीच आहे काय. तोंडाची दुर्गंधि बहुतेक वेळां किडलेल्या दांतांची, सुजलेल्या हिरड्यांची व जिभेच्या मागील भागावर बसलेल्या थराची असते. म्हणून दोन वेळां दांत घांसणें, जिभलीनें जीभ साफ करणें व दांतांच्या डॉक्टरास एकदां तोंड दाखविणें, हें आधीं. त्यानंतर प्रत्येक जेवणानंतर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्या. एक पेला कोमट पाण्यांत अर्धा लहान चमचा मीठ पुरे. पाणी चटका बसण्याइतकें ऊन नसावें. मान मागें टाकून पाणी घशांत खळखळवावें, थुंकावें, पुन्हां घ्यावें, गिळूं नये. नुसती चूळ भरली तर पाणी गालांतच फिरतें, गांठींपर्यंत पोंचत नाहीं. दिवसभर उन्हांत काम करणाऱ्यानें पाणी पुरेसें प्यावें, कारण तोंड कोरडें पडलें कीं लाळेचें धुण्याचें काम थांबतें. नाक चोंदून रात्रभर तोंडानें श्वास घेण्याची संवय असेल, तर नाकाचा उपचार करावा. घशाचें अर्धें दुखणें पुष्कळदां नाकांत असतें. जंतुनाशक गोळ्यांचा येथें टिकाऊ उपयोग नाहीं. त्यांनीं चार दिवस वास कमी होईल, पण खांच बुजत नाहीं व खडा पुन्हां येतो.

दिसत असलेला खडा काढावा काय? प्रौढ मनुष्यानें, आरशांत नीट पाहून, ओल्या कापसाच्या बोळ्यानें खड्याच्या शेजारीं हलकेच दाबल्यास मऊ खडा सुटून येतो. एकदोन प्रयत्नांत न आला तर सोडून द्यावा. मात्र काडेपेटीची काडी, टांचणी, केसांतील आंकडा, बाभळीचा कांटा, सुईचें टोंक यांपैकीं कांहींही घशांत घालूं नये. गिलायूस स्वतःचा रक्तपुरवठा भरपूर असतो, आणि तिच्या मागें सुमारें अडीच सेंटिमीटरांवर मेंदूला रक्त पोंचविणारी मोठी धमनी असते. जिवाचा मार्ग एवढा जवळ असतां तेथें कोरण्याचा खेळ करणें हें साहस नव्हे, वेडेपणा आहे. बोटास मीठ-हळद लावून मुलाच्या घशांतील गांठी जोरानें दाबण्याची चालही बंद व्हावी. त्यांत नखांनीं जखम होते, मूल गुदमरतें, आणि घटसर्प असल्यास पापुद्रा सुटून श्वास अडण्याचें भय असतें. मुलाच्या घशांतील खडा घरीं काढूंच नये.

वारंवार होणारे, खोल रुतलेले किंवा मोठे खडे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीं काढावे. घसा औषधानें बधिर करून खडा लहानशा हत्यारानें कोरून काढतात. घटकाभराचें काम असतें. लेसरच्या किंवा विद्युत्-लहरींच्या साह्यानें खांचांचीं तोंडें रुंद व सपाट करण्याचीही रीत आहे. तिनें गांठ शाबूत राहते व मळ सांचण्यास जागा कमी होते. तथापि कांहीं जणांस खडे पुन्हां होतात व क्रिया परत करावी लागते.

संपूर्ण गिलायु काढून टाकणें हा अखेरचा उपाय. गांठच गेली म्हणजे तिच्यांतील खडाही गेला, हें खरें. पण एका मोहरीसाठीं कोठार पाडावें काय, हा प्रश्न उरतो. वारंवार घसा येणाऱ्या मुलांसाठीं १९८४ सालीं अमेरिकेंतील पॅराडाइज नांवाच्या डॉक्टरानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत जी मर्यादा वापरली होती ती आजही डॉक्टर पाहतात: एका वर्षांत सात वेळां, अथवा लागोपाठ दोन वर्षें दरसाल पांच वेळां, अथवा लागोपाठ तीन वर्षें दरसाल तीन वेळां तीव्र घसा आला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. खड्यांसाठीं अशी ठरीव मोजणी नाहीं. इतर सर्व उपाय करून झाले, तरीही घाण व टोंचणी यांनीं मनुष्य खरोखर त्रासला असेल, तरच प्रौढानें डॉक्टरांशीं बोलून तो निर्णय घ्यावा. गांठी काढल्यानें शरीराची प्रतिकारशक्ति लयास जाते ही भीति अवास्तव आहे. घशांत त्याच कामाच्या दुसऱ्या गांठी असतात. खरी भीति आहे ती वेदनांची व रक्तस्रावाची, आणि दोन्ही मुलांपेक्षां मोठ्या माणसांत अधिक आढळतात.

घसा दहा ते चौदा दिवस दुखतो, व कानांतही कळ येते. गांठी होत्या त्या जागीं पांढरा थर धरतो. तो पू नव्हे व नवे खडेही नव्हेत, ती भरत असलेल्या जखमेची खपली आहे, तिला हात लावूं नये. मऊ भात, खीर, थंड दूध असें खात-पीत राहावें, कारण गिळणें बंद ठेवलें तर दुखणें लांबतें. ॲस्पिरिनची गोळी घेऊं नये. रक्तस्राव पहिल्या चोवीस तासांत होऊं शकतो, आणि खपली सुटतांना, म्हणजे पांचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, दुसऱ्यांदां होऊं शकतो. लहान मूल झोपेंत पुन्हां पुन्हां घुटके गिळतांना दिसलें तर त्याच्या घशांत रक्त उतरत नाहीं ना, हें दिव्याच्या उजेडांत पाहावें. ईट-पाथरूडकडील रोग्यावर बार्शी किंवा धाराशिव येथें शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिसऱ्या दिवशीं एस. टी.नें गांवीं परतण्याची घाई करण्यापेक्षां त्याच शहरांत एखाद्या नातलगाकडे दहा दिवस मुक्काम करावा, आणि रुग्णालयाचा दूरध्वनि क्रमांक व रात्रीं उपलब्ध होणाऱ्या वाहनाची सोय आधींच विचारून ठेवावी.